अमेरिकेतल्या एका मतदारसंघाचा भाव कसा वाचायचा

माझी मावसबहीण मिशिगनमध्ये कँटनला राहते. एका रात्री तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एका प्रेडिक्शन मार्केटचा, म्हणजे निवडणुकीसारख्या घटनांच्या निकालावर पैसे लावायच्या ऑनलाइन बाजाराचा, स्क्रीनशॉट पाठवला. त्यात एका उमेदवाराचं नाव होतं, पुढे ७० टक्के असा आकडा, आणि खाली तिचा प्रश्न: "दादा, हा खरंच ७० टक्के मतं घेईल का रे?"

उत्तर लिहायला मला अर्धा तास लागला. तो आकडा मतांचा नव्हता, जिंकण्याच्या शक्यतेचा होता. तो नोव्हेंबरच्या निवडणुकीचाही नव्हता, प्रायमरीचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानाचा होता. शिवाय शेवटचा सौदा होऊन चार दिवस उलटले होते, त्यामुळे तो आकडा शिळा होता. त्या रात्री तिला जे समजावलं, तेच इथे नीट क्रमाने लिहितो आहे. प्रेडिक्शन मार्केट प्रथमच बघणाऱ्याने आकडा सगळ्यात शेवटी वाचावा, असं माझं ठाम मत आहे. त्याआधी काय काय वाचायचं, ते पुढे.

आधी दोन-तीन शब्द

इथे काँग्रेस म्हणजे आपल्याकडचा पक्ष नव्हे, अमेरिकेची संसद. तिच्या खालच्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात, ४३५ जागा आहेत. प्रत्येक जागेचा एक मतदारसंघ, त्याला तिकडे 'डिस्ट्रिक्ट' म्हणतात. २०२० च्या जनगणनेनुसार एका डिस्ट्रिक्टमध्ये सरासरी ७ लाख ६१ हजार माणसं येतात. आपल्या लोकसभा मतदारसंघाच्या मानाने हे साधारण एक तृतीयांश झालं. निवडणूक दर दोन वर्षांनी, सम वर्षी, नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी होते. त्याआधी प्रत्येक राज्य आपापल्या तारखेला प्रायमरी घेतं आणि बहुतेक ठिकाणी पक्षाचा उमेदवार मतदारच ठरवतात. तिकीटवाटपाची दिल्लीवारी तिथे नसते.

प्रेडिक्शन मार्केटवर या निकालांचे करार विकले-घेतले जातात. करार अगदी साधा असतो: घटना घडली तर १ डॉलर, नाही घडली तर शून्य. 'हो'चा करार ७० सेंटला विकला जात असेल तर खरेदी-विक्री करणाऱ्यांच्या मते शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास आहे, असं धरतात. 'नाही'चा करार तेव्हा साधारण ३० सेंटला मिळतो.

आपल्या वाचकाची एक चूक हमखास होते, कारण आपल्या कानावर सट्टाबाजाराची भाषा पडलेली असते. राजस्थानातल्या फलोदीच्या सट्टाबाजाराच्या बातम्या दर निवडणुकीत येतात. तिथे ज्याचा भाव कमी, तो जिंकणार अशी हवा. भाव ४० पैसे म्हणजे रुपया लावला तर ४० पैसे सुटतात, कारण तो आवडता घोडा. प्रेडिक्शन मार्केटवर नेमकं उलटं असतं: भाव जितका जास्त, तितकी जिंकण्याची शक्यता जास्त. हिशोब करायचा तर १ ला १.४० ने भागा, म्हणजे ०.७१ येतं. सट्ट्यातले ४० पैसे आणि इथले ७१ सेंट ही एकाच अंदाजाची दोन रूपं आहेत. हे एकदा पक्कं झालं की पुढचं सोपं जातं.

पायरी पहिली: मतदारसंघाचा स्वभाव ओळखा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवा.

उदाहरण म्हणून मिशिगनचा १३ वा डिस्ट्रिक्ट घेऊ. डेट्रॉइट शहराचा मोठा भाग आणि त्याच्या दक्षिणेकडची उपनगरं त्यात येतात. आपल्याला तो माहीत असतो तो श्री ठाणेदार यांच्यामुळे. बेळगावात वाढलेला हा मराठी माणूस अमेरिकेत रसायनशास्त्रात पीएच.डी. झाला, उद्योजक झाला आणि २०२२ मध्ये तिथून प्रतिनिधिगृहात निवडून गेला. माझ्या बहिणीची समजूत अशी होती की आपण डेट्रॉइटजवळ राहतो, म्हणजे आपणही त्यांनाच मत देऊ शकतो. पण कँटन ६ व्या डिस्ट्रिक्टमध्ये येतं. पत्ता घालून डिस्ट्रिक्ट शोधण्याची सोय प्रतिनिधिगृहाच्या संकेतस्थळावर आहे. बाजाराचं पान उघडण्याआधी नकाशा उघडा. तोही त्याच वर्षीचा हवा. २०२० च्या जनगणनेनंतर मिशिगनची एक जागा कमी होऊन १४ च्या १३ झाल्या आणि जुने आकडे नव्या हद्दींना लागू राहिले नाहीत. २०२५ मध्ये तर टेक्सासने जनगणनेची वाट न बघता नकाशा बदलला, आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबरमध्ये आपला नवा नकाशा मंजूर केला. क्रमांक तोच राहतो, आतली माणसं बदलतात.

आता १३ व्याचा स्वभाव. हा डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ठाणेदारांना सुमारे ७१ टक्के मतं पडली. अशा ठिकाणी 'नोव्हेंबरमध्ये कोणता पक्ष जिंकेल' या प्रश्नावर ९७-९८ सेंट भाव दिसला तर त्यातून काहीच नवं कळत नाही. खरी लढत ऑगस्टमध्ये, प्रायमरीत होते. २०२२ च्या प्रायमरीत जागा रिकामी होती, उमेदवारांची गर्दी होती, आणि ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. मिशिगनमध्ये प्रायमरीला ५० टक्क्यांची अट नाही. सगळ्यांत जास्त मतं ज्याला, तो उमेदवार. टेक्सास किंवा जॉर्जियात असं झालं असतं तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी लागली असती. म्हणून २८ टक्के मतांचा अंदाज असलेला उमेदवारसुद्धा मिशिगनमध्ये ६० सेंटचा असू शकतो, आणि त्यात काही चूक नाही. मतांची टक्केवारी आणि जिंकण्याची शक्यता यांतला फरक मला याच डिस्ट्रिक्टने शिकवला.

इथे मनातली एक गोष्ट सांगतो. आपला माणूस उभा असला की आकडा आपल्याला हवा तसा वाचला जातो. डेट्रॉइटला १९५५ पासून काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता. ती परंपरा २०२२ च्या निकालाने तुटली आणि त्या शहरात अनेकांना ते लागलं. ठाणेदारांनी प्रचारात स्वतःचे लाखो डॉलर ओतले, यावरही तिथे बरीच चर्चा झाली. त्यांच्याविरुद्ध प्रायमरीत आव्हान का उभं राहतं, हे बेळगाव-पुण्याच्या अभिमानातून कळत नाही. त्यासाठी डेट्रॉइटची वर्तमानपत्रं वाचावी लागतात. बाजारात भाव लावणारी माणसं तीच वाचत असतात.

पायरी दुसरी: प्रश्न शब्दशः वाचा

प्रत्येक कराराखाली निकाल कसा ठरेल याचे नियम असतात. ते बारीक अक्षरात असतात आणि बहुतेक जण ते वाचत नाहीत. तुम्ही वाचा. त्यात चार गोष्टी शोधा: प्रश्न पक्षाचा आहे की व्यक्तीचा, प्रायमरीचा की नोव्हेंबरचा, निकाल कोणाच्या शब्दावर ठरणार, आणि निवडणूक लांबली किंवा रद्द झाली तर काय.

पक्ष आणि व्यक्ती यांत फार फरक पडतो. कॅलिफोर्नियात प्रायमरीतले पहिले दोन उमेदवार पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. तसं झालं तर पक्षाचा प्रश्न प्रायमरीतच संपतो आणि व्यक्तीचा नोव्हेंबरपर्यंत उघडा राहतो.

निकाल कोणाच्या शब्दावर, हे मला स्वतःला फार उशिरा उमगलं. काही ठिकाणी वृत्तसंस्थांनी विजेता जाहीर केला की करार मिटतो, काही ठिकाणी अधिकृत प्रमाणपत्राची वाट बघतात. पॉलिमार्केट या क्रिप्टोवर चालणाऱ्या प्रेडिक्शन मार्केटवर वाद झालाच तर एका क्रिप्टो टोकनच्या धारकांच्या मतदानाने तो सोडवला जातो. हे सगळं एरवी बिनमहत्त्वाचं वाटतं. मग नॉर्थ कॅरोलायनाचा ९ वा डिस्ट्रिक्ट आठवा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे रिपब्लिकन मार्क हॅरिस ९०५ मतांनी पुढे होते. टपाली मतांत गैरप्रकार झाल्याचं बाहेर आलं, राज्याच्या निवडणूक मंडळाने निकाल प्रमाणित करायला नकार दिला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये फेरनिवडणुकीचा आदेश निघाला. ती सप्टेंबरमध्ये झाली आणि डॅन बिशप निवडून आले. हॅरिस त्या वेळी उभेही नव्हते. आता सांगा, '२०१८ ला ९ व्या डिस्ट्रिक्टमध्ये कोण जिंकलं?' या कराराचं काय करायचं? उत्तर फक्त नियमांच्या शब्दांत सापडतं.

उमेदवार मतपत्रिकेवर आहे का, हेही इथेच तपासा. २०२४ मध्ये ठाणेदारांचे मुख्य प्रतिस्पर्धी अ‍ॅडम हॉलियर मे महिन्यातच बाद झाले, कारण अर्जाला १,००० वैध सह्या लागतात आणि छाननीत त्यांच्या ८६३ च टिकल्या. एकाही मतदाराने मत बदललं नव्हतं, तरी लढतीचं चित्र एका कागदाने पालटलं. ठाणेदारांनी ती प्रायमरी निम्म्याहून जास्त मतं मिळवून जिंकली.

पायरी तिसरी: बाजारात माणसं किती आहेत ते बघा

अध्यक्षपदाच्या बाजारात पैसा दुथडी भरून वाहतो. २०२४ मध्ये पॉलिमार्केटवर एका फ्रेंच व्यापाऱ्याने अनेक खात्यांतून ट्रम्प यांच्या विजयावर कोट्यवधी डॉलर लावले आणि त्यावर जगभर चर्चा झाली. त्याचा अंदाज खरा ठरला, तो भाग वेगळा. एका डिस्ट्रिक्टच्या बाजारात आकडा हलवायला कोट्यवधी सोडाच, अनेकदा शंभर डॉलरही लागत नाहीत.

हे जवळून बघू. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. पडद्यावर ठळक अक्षरात ७०. खाली 'ऑर्डर बुक' उघडा. शेअर बाजार बघणाऱ्याला ही यादी ओळखीची वाटेल. डावीकडे घेणारे, उजवीकडे विकणारे. सगळ्यांत वरचा घेणारा ५८ सेंट द्यायला तयार आहे, १०० करार. सगळ्यांत स्वस्त विकणारा ७९ मागतोय, ४० करार. त्याच्यामागचा थेट ८५ वर. मग ७० आलं कुठून? चार दिवसांपूर्वी कुणीतरी त्या भावाला पाच करार घेतले होते. आज ७० ला ना कुणी घ्यायला आहे, ना कुणी द्यायला. या बाजाराचं खरं म्हणणं '५८ ते ७९ च्या मध्ये कुठेतरी' एवढंच आहे. आता एखाद्या उत्साही समर्थकाने ७९ चे चाळीसही करार उचलले तर त्याला ३१ डॉलर ६० सेंट पडतील, आणि पडद्यावर '७०' चं '७९' होईल. संध्याकाळी समाजमाध्यमांवर चित्र फिरेल: एका दिवसात नऊ टक्क्यांची उसळी! दोघांच्या साध्या जेवणाच्या बिलात झालेली उसळी.

म्हणून वही घेऊन तीन आकडे लिहा: घेणाऱ्याचा वरचा भाव, विकणाऱ्याचा खालचा भाव, शेवटच्या सौद्याची वेळ. दोन भावांतलं अंतर २-३ सेंट असेल तर मधला आकडा विश्वासाने घ्या. १० च्या पुढे गेलं तर आकडा सांगूच नका, पट्टा सांगा. आजवर एकूण किती डॉलरचे व्यवहार झाले, हा आकडाही पानावर असतो, पण त्याच्यावर फार विसंबू नये. तो महिन्यापूर्वीच्या गर्दीचा असू शकतो.

पायरी चौथी: भावाची शक्यता करा

प्रायमरीत चार उमेदवार आहेत आणि त्यांचे भाव ६२, २७, ९ आणि ६ आहेत असं धरा. बेरीज १०४. शक्यतांची बेरीज १०० च हवी, त्यामुळे प्रत्येक आकड्याला १०४ ने भागून शंभराने गुणा: ६० च्या जरा खाली, २६, ९ च्या जरा खाली, ६ च्या जरा खाली. नवशिक्यासाठी एवढं पुरे.

जरा मुरलेला माणूस मात्र जादाचे चार सेंट सगळ्यांत सारखे वाटणार नाही, तो ते तळाच्या दोघांच्याच भावातून वजा करेल. कारण असं की सहा सेंटच्या उमेदवाराची शक्यता खरंतर दोनच टक्के आहे असं तुम्हाला वाटलं, तर तो भाव खाली आणायला तुम्हाला 'नाही'चा करार ९४ सेंटला घ्यावा लागतो. निकाल लागेपर्यंत ते ९४ सेंट अडकून पडतात आणि मिळणार सहा. एवढ्यासाठी फार थोडे लोक पैसे अडकवतात. त्यामुळे पडेल उमेदवारांचे भाव वर तरंगत राहतात आणि पुढे असलेल्याचा भाव जरा दबलेला राहतो. निवडणूक जितकी दूर, तितकं हे जास्त. जिथे कमिशन जास्त, तिथे आणखी जास्त. प्रेडिक्टइट या जुन्या अमेरिकी प्रेडिक्शन मार्केटवर नफ्याच्या १० टक्के, आणि पैसे काढताना ५ टक्के कापले जायचे. एका करारात ८५० डॉलरच्या वर गुंतवायची परवानगीही नव्हती. तिथले जुने भाव वाचताना हे लक्षात ठेवा.

आणि ९७ म्हणजे १०० नव्हे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या ३ ऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळाच्या प्रारूपाने डेमोक्रॅट मारी ग्लूसेनकँप पेरेझ यांना १०० पैकी २ शक्यता दिली होती. त्या जिंकल्या. (तो बाजार नव्हता, सांख्यिकी प्रारूप होतं, पण धडा तोच.) त्याच वर्षी कोलोरॅडोच्या ३ ऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये ज्यांचा विजय जवळजवळ निश्चित समजला गेला होता त्या रिपब्लिकन खासदार लॉरेन बोबर्ट ५४६ मतांनी कशाबशा वाचल्या. ४३५ जागांत असे एक-दोन धक्के बसणारच. एकही बसला नाही तर मला उलट शंका येईल.

पायरी पाचवी: बाहेरचा पुरावा जुळवा

हे थोडक्यात. कुक पोलिटिकल रिपोर्ट, इनसाइड इलेक्शन्स आणि साबाटोज क्रिस्टल बॉल हे तिघे डिस्ट्रिक्टनिहाय 'सुरक्षित', 'झुकलेला', 'अटीतटीचा' असे शेरे देतात. बाजार आणि शेरा यांत मोठी तफावत दिसली तर बहुधा पायरी दुसरी किंवा तिसरी चुकलेली असते. डिस्ट्रिक्टचे जनमत चाचणीचे आकडे फार कमी मिळतात आणि मिळतात त्यांतले बरेच उमेदवाराच्या स्वतःच्या पैशांतून केलेले असतात. सोयीचा असेल तोच आकडा बाहेर येतो. निधीचे तपशील संघीय निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जाहीर होतात, ते जास्त भरवशाचे.

मतमोजणीची रात्र

आपल्याला एका दिवसात निकालाची सवय आहे. २०२४ ला मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर आणि अमोल कीर्तिकर यांच्यात अवघा ४८ मतांचा फरक पडला, पण तेही ४ जूनलाच कळलं. कॅलिफोर्नियात असं होत नाही. मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपाल शिक्का असलेली मतपत्रिका नंतर सात दिवसांत आली तरी मोजली जाते, आणि प्रत्येक पाकिटावरची सही ताडून बघितली जाते.

२०२४ मध्ये तिथल्या १३ व्या डिस्ट्रिक्टमध्ये, मर्सेडच्या आसपासच्या शेतीपट्ट्यात, रिपब्लिकन खासदार जॉन डुआर्टे मोजणीच्या रात्री पुढे होते. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी समोरच्या डेमोक्रॅट अ‍ॅडम ग्रे यांना ५६४ मतांनी हरवलं होतं. उशिराच्या टपाली मतांनी आघाडी हळूहळू खाल्ली आणि शेवटी ३ डिसेंबरला ग्रे १८७ मतांनी जिंकल्याचं स्पष्ट झालं. मतदान होऊन चार आठवडे लोटले होते. अशा डिस्ट्रिक्टमध्ये पहिल्या रात्री आघाडी बघून भाव ९० ला गेला, तरी तुम्ही एकच प्रश्न विचारा: किती मतं मोजायची शिल्लक आहेत आणि ती कोणत्या काउंटीतली (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा), कोणत्या प्रकारची? काउंटीची निवडणूक कार्यालयं शिल्लक मतांचे अंदाज जाहीर करत असतात. त्या रात्री बाजारापेक्षा ते कागद जास्त बोलतात.

पैसे लावायचे का?

भारतात बसून, नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, आणि कुणी क्रिप्टोची किंवा व्हीपीएनची वाट दाखवली तरी त्या वाटेला जाऊ नका. अमेरिकेतलं चित्र वेगळं आहे. आयोवा विद्यापीठाचा संशोधनासाठीचा बाजार १९८८ पासून चालला. कालशी ही प्रेडिक्शन मार्केट चालवणारी कंपनी सरकारी वायदे आयोगाविरुद्ध न्यायालयात गेली आणि २०२४ च्या शरदात तिला निवडणुकीचे करार विकण्याची मोकळीक मिळाली. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या राज्याचे नियम आणि आपल्या व्हिसाची स्थिती तपासून काय ते ठरवावं. माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्या हंगामात एक डॉलरही लावू नये. भाव बघायला काही खर्च येत नाही, आणि शिकायचं सगळं त्यातच आहे.

वही

बहिणीने आता एक वही घातली आहे. पंधरा डिस्ट्रिक्ट, दर रविवारी रात्री, तीच वेळ. रकाने असे: डिस्ट्रिक्ट, प्रश्न शब्दशः, घेणारा, विकणारा, शेवटचा सौदा कधी, बाजाराचा मधला आकडा, आणि स्वतःचा आकडा. स्वतःचा आकडा बाजाराचा बघण्याआधी लिहायचा, ही अट तिने पाळली आहे.

निकालानंतर गुण असे काढायचे. तुम्ही ७० टक्के म्हणालात आणि घटना घडली, तर १ मधून ०.७ वजा करून उरलेल्या ०.३ चा वर्ग करा: ०.०९. घडली नाही तर ०.७ चा वर्ग: ०.४९. सगळ्या डिस्ट्रिक्टची सरासरी घ्या. आकडा जितका छोटा, तितका अंदाज चांगला. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून ५० टक्के लिहिलंत तर सरासरी बरोबर ०.२५ येते, तेव्हा त्याच्या खाली राहणं ही पहिली परीक्षा. बालेकिल्ले त्यातून वगळा, नाहीतर फुकटचे गुण मिळतात. अटीतटीचे पंधराच ठेवा, आणि बाजाराच्या मधल्या आकड्याचीही तशीच सरासरी शेजारच्या रकान्यात मांडा.